बत्तीस एमबीचं भूत

बोरखडीच्या ग्रामपंचायतीसमोर त्या दिवशी सकाळी आठला जी गर्दी जमली, तेवढी पोळ्यालाही जमत नाही. कापूस वेचणीला आला होता आणि त्यावर लाल्या पडला होता. पानं लाल होऊन गळत होती, बोंडं भरायच्या आधीच वाळत होती. तरीही माणसं वावर सोडून इथं आली होती, कारण श्री विद्युतनाथ महाराज कॉम्प्युटरमधलं भूत काढणार होते.

होय, कॉम्प्युटरमधलं. साल दोन हजार सहा, तालुका राळेगाव. ज्या मशीनमध्ये भूत होतं ती माझ्या ताब्यात होती. मी सत्यशीला. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात अकरा मुलींना कॉम्प्युटर शिकवायचं काम माझ्याकडे होतं. आमचे आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्या दिवसापासून आमच्या घरात कोणाच्या अंगात आलेलं नाही. म्हणून भुताच्या कारभारात मी इतक्या आतपर्यंत सापडेन, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

महाराजांचं मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी त्यांना मोटरवाले बाबा म्हणत. विहिरीवरची मोटर जळू नये म्हणून ते मंत्रून द्यायचे. मंत्रलेल्या मोटरीही जळायच्या, पण त्या श्रद्धा कमी पडल्यामुळे जळायच्या. आता त्यांची बढती झाली होती. सोबत पँट-शर्टातला, दाढी कोरलेला एक चेला होता. तो दोन दिवस आधीच येऊन 'जागा पाहून' गेला होता.

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. डब्यावर लिंबू, सीडी घालायच्या फटीवर हळदकुंकू. महाराजांनी गर्दीवर नजर फिरवली.

"भक्तहो, या यंत्रात किती टाकले होते?"

"दोनशे छप्पन!" गाव ओरडलं.

"दाखवतं किती?"

"दोनशे चोवीस!"

"मग खाल्ले किती? बत्तीस! आता मला सांगा, तोंडात दात किती? बत्तीस! जो खातो तो बत्तीसांनी खातो! त्यानं इथं मेमरी खाल्ली, आता तुमच्या वावरात बोंडं खाऊन राहिला!"

बायांनी पदर तोंडाला लावले. मला हसू आलं होतं, पण आजूबाजूचे चेहरे पाहून मी ते दाबलं.

महाराजांनी सगळ्यांना डोळे मिटून जप करायला सांगितलं. चेल्यानं स्क्रीनवर आणि कीबोर्डवर लाल कापड टाकलं, आपलं डोकंही त्याखाली घातलं. जप वाढला. मी काही डोळे मिटले नाहीत, पण लाल कापडापलीकडे मला काय दिसणार? मशीन सुरू झाल्याचा 'ट्यँ' आवाज ऐकला. मिनिट-दोन मिनिटांनी तोच आवाज पुन्हा ऐकला. मग कापड ओढलं गेलं, विंडोज उघडलं आणि चेल्यानं मेमरीचा आकडा मोठ्यानं वाचला.

"दोनशे अठ्ठेचाळीस!"

शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. एक म्हातारी जमिनीवर डोकं टेकून रडू लागली. मी पुढे होऊन पाहिलं. खरंच दोनशे अठ्ठेचाळीस होते.

"चोवीस सोडले!" महाराज गरजले. "आठ राहिले. ते यंत्रात नाहीत. ते माणसात शिरले. या यंत्राला पहिला हात कोणाचा लागला?"

आणि सगळं गाव माझ्याकडे वळलं.

इथं मला माझी चूक सांगितली पाहिजे. दसऱ्याच्या आठवड्यात मशीन आली, तेव्हा सरपंच सदाशिवराव म्हणाले होते, "बाई, मोजून घ्या." या गावाला मोजून घ्यायची सवय आहे. घरून पंधरा क्विंटल भरलेला कापूस खरेदी केंद्राच्या काट्यावर पावणेपंधरा भरतो, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. आकडा कमी आला म्हणजे मधे कोणीतरी खाल्लं, हा इथला अनुभव आहे. तर मी त्यांच्या समोर आकडा काढून दाखवला. खोक्यावर दोनशे छप्पन, स्क्रीनवर दोनशे चोवीस.

"बत्तीस कुठी गेले?" सरपंचांनी विचारलं.

"मले माहीत नाही," मी म्हणाले.

पुसदच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "असंच असतं ताई, काळजी करू नका." मी तेच गावाला सांगितलं. आता 'असंच असतं' हे काय उत्तर झालं? पण मी पंधरा दिवस त्यावर बसून राहिले, शोध घेतला नाही. मी सोडलेल्या त्या रिकाम्या जागेत महाराज येऊन बसले.

"या बाईला यंत्राजवळ कोंडा," महाराज म्हणाले. "यंत्र आपले आठ ओढून घेईल. सूर्य मावळेपर्यंत आकडा भरला नाही, तर हिला सहाच्या गाडीत बसवा. पुन्हा गावात पाय नको. नाहीतर लाल्या घरात शिरेल."

मी सरपंचांकडे पाहिलं. शिकलेला माणूस, मुलगी उर्वशी माझ्याच वर्गात. ते चपलेकडे पाहत होते. मी म्हणाले, "सदाशिवराव, तुम्ही तरी बोला." ते पुटपुटले, "बाई, एका दिवसाचा तर सवाल हाये. लोकं लई बिथरले."

दार लागलं. कुलूप महाराजांनी स्वतः लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि ते सरपंचांच्या घरी जेवायला गेले.

खोली दहा बाय दहा. वर टिनाचं छत, गजांची एकच खिडकी, खाली टेबल, टेबलावर हार घातलेली मशीन. त्यात आठवडाभर आमच्याकडे लाइन सकाळी दहाला जायची ती दोनला यायची आणि चारला पुन्हा जायची. दहा वाजले, पंखा थांबला. ऑक्टोबरचं ऊन टिनावर चढायला लागलं.

मला भीती वाटत होती. मारतील याची नाही. सहाच्या गाडीत मला बसवलं, की ती बातमी माझ्या आधी राळेगावला उतरेल. 'बोरखडीची करणीवाली बाई' हे नाव एकदा लागलं की या जिल्ह्यात कोण मला खोली देईल, कोण आपली मुलगी माझ्यासमोर बसवेल? नोकरी दुसरी मिळते. असलं नाव धुऊन निघत नाही. मी दारावर लाथा मारल्या, ओरडले, मग घसा बसला आणि खाली बसून रडले.

खिडकीत हजराबी आल्या. मी त्यांच्याच घरी भाड्यानं राहायची. गजातून त्यांनी चहाचा ग्लास आत दिला.

"पी ले बेटी. मी त्यायले म्हनलं, ही पोट्टी माह्या घरात महिन्याभरापासून झोपते, मले तर काही झालं नाही. तं मलेच म्हन्तात, बुढी, तू गप राय."

"तुम्ही जा चाची. तुमचंही नाव घेतील."

"घेऊ दे," त्या म्हणाल्या आणि तिथंच बसल्या.

दाराशी पहारा पंजाबराव काकांचा होता. सत्तरी उलटलेले, हातात काठी. मी दारापलीकडून त्यांना म्हणाले, "काका, तुमाले खरंच वाटते माह्यात भूत हाये?"

 पलीकडून आवाज आला, "मले काय समजते बाई? पन आकडा तं वाढला न. डोयानं पायला."

त्यांचं चुकत नव्हतं. आकडा मीही पाहिला होता. चोवीस परत आले होते आणि कसे आले ते मला सांगता येत नव्हतं. गाव आणि मी, दोघंही त्याच आकड्यात अडकलो होतो. फरक इतकाच, की कुलपाच्या आत मी होते.

दोनला पंखा फिरला. मी झडप घालून मशीन सुरू केली. दोनशे अठ्ठेचाळीस. काय करावं सुचेना, म्हणून मुलींचा आवडता पृथ्वीचा गोल उघडायला गेले. माउस फिरवला की तो फिरतो आणि भारत समोर येतो. रोज उघडणारा तो गोल उघडला नाही. चौकट आली: चित्रासाठी लागणारी मेमरी अपुरी आहे.

मी ती चौकट तीनदा वाचली. मेमरी वाढली, तर गोल बंद का पडावा? आणि चित्रासाठीची मेमरी म्हणजे वेगळं काही असतं का?

मग सकाळचा तो आवाज आठवला. 'ट्यँ', आणि पुन्हा 'ट्यँ'. मशीन कापडाखाली दोनदा सुरू झाली होती. नुसता आकडा दाखवायचा तर दोनदा कशाला?

मी मशीन बंद करून चालू केली आणि यावेळी डोळे काळ्या स्क्रीनवर रोखले. विंडोज यायच्या आधी दोन सेकंद पांढरी अक्षरं येऊन जातात, ती आपण कोणी वाचत नाही. दुसऱ्यांदा चालू करताना पॉजचं बटण दाबलं. अक्षरं जागच्या जागी थांबली. त्यात लिहिलं होतं: दोन लाख त्रेपन्न हजार नऊशे बावन्न के, अधिक आठ एम सामायिक मेमरी.

एक हजार चोवीस के म्हणजे एक एमबी. मी भिंतीवरच खडूनं भागाकार केला. उत्तर आलं दोनशे अठ्ठेचाळीस. अधिक आठ, म्हणजे दोनशे छप्पन. एकही कमी नव्हता. पंधरा दिवस ही मशीन रोज सकाळी आपला हिशेब स्वतःहून सांगत होती आणि मी तेव्हा खुर्ची पुसत होते.

त्याच स्क्रीनच्या तळाशी दुसरी ओळ होती, सेटअपमध्ये जायला डिलीट दाबा. माझा हात थांबला. आत जाऊन काही बिघडलं आणि मशीन बंद पडली, तर झालंच. मग महाराजांना काही बोलायचीही गरज उरणार नव्हती. खिडकीतून हजराबी म्हणाल्या, "क्या हुआ बेटी?" मी म्हणाले, "काही नाही," आणि बटण दाबलं.

निळा पडदा, इंग्रजी याद्या. एकेक यादी उघडत गेले. तिसऱ्या यादीत ती ओळ सापडली: स्क्रीनसाठी राखून ठेवायची मेमरी. समोर आठ. एंटर दाबलं तर निवडायला चार आकडे आले: आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.

भूत चार मापांत मिळत होतं.

मी बत्तीस निवडले, जतन करून बाहेर पडले. मशीन आपोआप पुन्हा सुरू झाली, दुसरं 'ट्यँ' झालं. स्क्रीनवर दोनशे चोवीस आणि पृथ्वीचा गोल गरगर फिरला. मी इतक्या मोठ्यानं हसले की पंजाबराव काका घाबरून खिडकीशी आले.

"बाई! अंगात आलं का?"

"काका, तुमाले किती पायजे? एकशे ब्याण्णव? दोनशे चाळीस? सांगा, तेवढे आणतो."

"अशी कायले बोलते, बापा?"

मी चौसष्ट निवडले आणि मशीन पुन्हा चालू करून आकडा दाखवला. एकशे ब्याण्णव. मग सोळा निवडले. दोनशे चाळीस. काकांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी गज धरले.

"मंग ते बाकीचे जाते कुठी?"

"कुठीच जात नाही. आतच राह्यते. हे चित्र दिसते न, ते काढाले मशीनला जागा लागते. महाग मशीनमंधी चित्राची जागा वेगळी राह्यते. आपली स्वस्तातली. तिनं आपल्याच मेमरीतला तुकडा चित्रासाठी ठेवला, अन् बाकी उरली तेवढी विंडोज दाखवते."

काका कपाळाला आठ्या घालून गोलाकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "म्हंजे पोटखराब!"

"काय?"

"अवं, पोटखराब! माह्या सातबाऱ्यावर पाच एकर हाये. पेरतो मी चार. एक एकरात नाला, हीर अन् बांध-धुरा. तलाठी ते पोटखराब म्हनून लिवते. मंग तो एकर कोनं खाल्ला का? वावरातच हाये. पेरता येत नाही, पन नाल्याबिगर पानी कुठून जाईन?"

मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. दुकानदाराला जे सांगता आलं नाही, मला जे पंधरा दिवस सुचलं नाही, ते त्यांनी एका दमात सांगितलं.

"आणि सकाळी महाराजांनी काय केलं, काका?"

"नाला बुजवला!" काका ओरडले. "कागदावर वावर वाढलं, अन् गोल बुडाला!"

तीन वाजून गेले होते. चारला लाइन जाणार. काका काठी न घेताच पळाले. वीस मिनिटांत अर्धं गाव खिडकीपुढे गोळा झालं. मागून महाराज आले, दुपारची झोप अर्धवट राहिलेले. मी स्क्रीन खिडकीकडे फिरवली, आधी आकडा सांगितला आणि मग तोच आणून दाखवला.

 महाराजांनी जराही वेळ घालवला नाही.

"पाहा! पाहा! मंत्राशिवाय आकडे नाचवते! आहे की नाही तिच्यात?"

लोक एक पाऊल मागे सरकले.  मी जितकं दाखवीन तितकी मीच भुताची ठरणार होते. गप्प राहिले तरी भूत, बोलले तरी भूत. आत कोंडल्याचं खरं दुःख मला त्या क्षणी कळलं. दार उघडं असतं तरी मला कुठं जाता आलं नसतं.

घड्याळात पावणेचार झाले होते. मी कीबोर्ड उचलला, वायर ताणली आणि तो उभा करून गजातून बाहेर सारला.

"मी हात लावत नाही. काका, तुम्ही दाबा."

पंजाबराव काकांनी मी सांगितली ती बटणं दाबली. दोनशे चोवीस.

"आता काय, काकांत शिरलं?" मी विचारलं. "हजराबी चाची, तुमी दाबा."

हजराबींनी आयुष्यात बटण म्हणून फक्त पंख्याचं दाबलं होतं. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून एकेक बटण दाबलं. दोनशे चाळीस. गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं.

"सरपंच," मी म्हणाले, "आता तुमी."

सदाशिवराव पुढे येईनात. तेव्हा मागून उर्वशीचा आवाज आला, "बाबा, दाबा न! काहून भेता?" लेकीसमोर बापाची अडचण झाली. त्यांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर एकशे ब्याण्णव आले.

"महाराज," पंजाबराव काका म्हणाले, "आता चौसष्ट गेले. म्हंजे सरपंचात बाईहून लई मोठं भूत हाये. सहाच्या गाडीत सरपंचाले बसवाव का?"

एवढ्यावर जे हसू फुटलं ते आवरेना. सकाळी डोकं टेकून रडलेली म्हातारीसुद्धा पदर लावून हसत होती. हसणाऱ्या गर्दीला घाबरवणं महाराजांना जमेना. ते शाप देऊ लागले, पण शापाच्या मधेच त्यांनी चेल्याला हाक मारली आणि चेला जागेवर नव्हता. तो राळेगावच्या रस्त्याला लागलेला दोघांनी पाहिला. पोरांनी त्याला धरून आणलं. मी गजातून त्याला एकच विचारलं, "सकाळी मशीन दोनदा काहून सुरू केली?"

तो खाली पाहत म्हणाला, "बत्तीसचे आठ केले. आधी नागपूरला कॉम्प्युटरच्या दुकानात होतो."

किल्ली महाराजांच्या जानव्यावरून सदाशिवरावांनीच ओढून घेतली. दार उघडलं. मी बाहेर आले. काही जण बाजूला सरले, वाट देण्यासाठी की अजूनही भीतीनं, ते मला कळलं नाही. महाराजांना राळेगावच्या पोलीस ठाण्यात पाठवायचं ठरलं.

गर्दीतून एकानं विचारलं, "बाई, मंग लाल्या कायचा हाये?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता मी जे सांगितलं असतं ते त्यांनी मानलं असतं. त्या विश्वासाची मला सकाळच्या दगडी चेहऱ्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

"मले माहीत नाही," मी म्हणाले. "पन यावेळी इथं थांबाचं नाही. उद्या लाल पानं अन् मुठीभर माती घेऊन कृषी कार्यालयात जाऊ. तिथं नाही समजलं तं कृषी विद्यापीठात पाठवू. जो कोणी कारण न सांगता उपाय सांगन, त्याले विचाराचं, कसं काय? दाखव."

सदाशिवराव जवळ आले. हात जोडले नाहीत, पण आवाज खाली होता. "बाई, झालं ते झालं. चार लोकांत कायले वाढवाचं?"

माझा संताप तेव्हा बाहेर पडला. "चार लोकांत झालं नाही, सरपंच. गावासमोर झालं. तं गावासमोरच मिटवा. दवंडी द्या."

त्यांनी कोतवालाला बोलावलं. सेवादास थाळी घेऊन आला. सरपंचांनी मजकूर सांगितला, "ऐका हो ऐका, कॉम्प्युटरच्या बाईत काही नाही."

सेवादासनं थाळीवर काठी उचलली.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. "असं नका सांगू. आज माह्यात काही नाही म्हणसान, तं उद्या दुसरीत शोधसान. विधवा असन, तांड्यातली असन, एकटी राह्यणारी असन. 'कोणातच काही नसते,' असं सांगा."

सेवादासनं सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी मान डोलावली. थाळी वाजली आणि तो वरच्या आळीकडे निघाला. प्रत्येक दारापुढे थांबून तो मोठ्यानं सांगत गेला, "ऐका हो ऐका, कोणातच काही नसते!"